रुग्णाने विचारावे कोणाला?



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल प्रथम मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचा मी विद्यार्थी. वर्गात एखाद्या मुलाने काही विधान ठोकून दिले तर गुरुजी ते लगेच खोडून काढीत नसत. ‘हे तुला कोणी सांगितले?’ एवढेच ते विचारीत, आणि मग पुढचे काम त्या मुलाचे त्यालाच करावे लागे. पुढे वैद्यकीच्या व्यवसायात हाच प्रश्न मला रोज विचारावा लागला. फरक इतकाच, की समोर मुलांऐवजी रुग्ण असत. त्यामुळे आजचा विषय निवडताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही.

मनुष्य आजारी पडला की ‘औषध कोणते घ्यावे’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो, असा आम्हा डॉक्टरांचा समज असतो. वस्तुतः त्याआधी एक प्रश्न येऊन गेलेला असतो, आणि तो म्हणजे ‘विचारावे कोणाला?’ घरातली वडीलधारी मंडळी, शेजारच्या काकू, कचेरीतला तोच आजार भोगलेला सहकारी, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला माणूस, आणि अलीकडे हातातला फोन, अशी पाचपन्नास माणसे व यंत्रे ओलांडून रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो. आमच्याकडून तो बाहेर पडतो तेव्हा काय घेऊन जातो? कोठीच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानांची जी रांग आहे, तेथे घटकाभर उभे राहावे. चिठ्ठी पुढे करून दुकानदारालाच ‘हे कशाचे आहे?’ असे विचारणारी माणसे तेथे सकाळ-संध्याकाळ दिसतात. ‘दवा लिख को दिये, बीमारी का नाम नई बोले’ हे आपल्या हैदराबादी दखनीतले वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारावर ते कोरून ठेवावे असे मला वाटत आले आहे.

आपल्या शहरात या प्रश्नाला भाषेचे एक वेगळेच परिमाण आहे. घरात मराठी, बाजारात दखनी, सरकारी कागदावर तेलुगू आणि औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी, अशा चार भाषांतून येथल्या मराठी रुग्णाचा आजार प्रवास करतो. नांदेड-लातूरकडून उपचारासाठी येथे येणाऱ्या माणसाची तर याहून कठीण अवस्था होते. पोटातले दुखणे ‘कळ’ आहे, ‘मुरडा’ आहे की ‘जळजळ’ आहे, हे तो मराठीत बिनचूक सांगू शकतो. दखनीत त्या सर्वांचे ‘पेट में दर्द’ होते, आणि केसपेपरवर ते इंग्रजीच्या दोन आद्याक्षरांत आटोपते. जाताना माहिती अशी गळत जाते, आणि परत येताना पुन्हा तशीच गळते.

ही अडचण येथे पूर्वी कोणाच्या लक्षात आली नव्हती असे मात्र नाही. १८४६ साली या शहरात वैद्यकीय शाळा निघाली, तेव्हा तेथे आधुनिक वैद्यक उर्दूतून शिकविले गेले. पुढे १९१७ साली दारुत्तर्जुमा हा अनुवाद विभाग स्थापन झाला, उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, आणि शरीरशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे ग्रंथ उर्दूत उतरविण्याचा प्रचंड उद्योग येथे झाला. देशी भाषेतून वैद्यकाचे उच्च शिक्षण देण्याचा इतका मोठा प्रयत्न हिंदुस्थानात त्या काळी अन्यत्र झाला नव्हता. परंतु या प्रयोगाचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या ग्रंथांतली परिभाषा अरबी-फारसीतून घडविलेली होती, आणि संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलत होती. विद्यार्थ्याला त्याची भाषा मिळाली. बीड-परभणीच्या शेतकऱ्याला मिळाली नाही. १९४८ नंतर उर्दू माध्यमही गेले आणि इंग्रजी आली. डॉक्टर कोणत्या भाषेत शिकला, यापेक्षा तो रुग्णाशी कोणत्या भाषेत बोलतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. त्याला दोन्ही राजवटींत कोणी फारसा हात घातला नाही.

मराठीत हा हात घातला तो एका अशा गृहस्थाने, ज्याच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते निघत राहिले. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे सदर असे. घरात विचारता येत नाही, डॉक्टरसमोर जीभ रेटत नाही, असे प्रश्न माणसे पोस्टाने त्यांच्याकडे पाठवीत, आणि कर्वे ते छापून, आडपडदा न ठेवता उत्तर देत. त्या उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लोक जे प्रश्न विचारतात त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा तो मूळ मुद्दा होता. खटला कर्वे हरले आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. तथापि प्रश्नोत्तरे त्यांनी थांबविली नाहीत.

कर्व्यांची सगळी मते आज कोणी स्वीकारणार नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. परंतु वाचकांनी त्यांच्यावर विश्वास का टाकला, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्यापाशी अधिकारपद नव्हते, रुग्णालय नव्हते. ते विकत होते ती साधने उघडपणे विकत होते, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ते हसत नव्हते. माझ्या मते, लाज वाटू न देता उत्तर देणे हा विश्वासाचा अर्धा भाग आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत पाहणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते याच संदर्भात मला आठवतात. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक रोगाचा काही ना काही त्रास होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. उरलेल्या स्त्रिया आपल्या दुखण्याविषयी कोणालाच विचारीत नव्हत्या असे नव्हे. ज्यांना विचारल्याने उपयोग झाला असता, त्यांच्यापर्यंत त्या पोहोचत नव्हत्या.

आता आपल्या शहरातल्या एका प्रसिद्ध प्रकाराकडे वळतो. मृग नक्षत्र लागले की, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर देशभरातून दम्याचे रुग्ण गोळा होतात. बत्तिनी गौड घराण्यातील मंडळी बोटाएवढ्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषधी लगदा घालून तो मासा रुग्णाला गिळायला देतात. शाकाहारी माणसाला तोच लगदा गुळातून मिळतो. १८४५ च्या सुमारास एका साधूने आपल्या पूर्वजाला हे गुपित दिले, अशी त्या घराण्यात परंपरागत कथा आहे. पूर्वी हे वाटप जुन्या शहरात दूधबावलीच्या त्यांच्या घरी होत असे. त्याला ‘औषध’ म्हणण्यास विज्ञानवादी संघटनांनी आक्षेप घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि आता त्याला ‘प्रसादम्’ म्हटले जाते. त्यातील घटक जाहीर केलेले नाहीत, आणि त्याने दमा बरा होतो असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही.

या रांगेची टिंगल करणे सोपे आहे आणि माझ्या व्यवसायबंधूंपैकी अनेकजण ती करतात. मी स्वतः अशी टिंगल करीत नाही. त्याचे कारण श्रद्धेविषयीचा आदर नव्हे; मला ती रांग आमच्या कामावरचा शेरा वाटते. तेथे काय मिळते ते पाहा. पैसे पडत नाहीत. दिवस ठरलेला असतो. देणारा माणूस रुग्णाला हाताने धरून देतो. आणि पुढे ४५ दिवस काय खायचे व काय टाळायचे, याचे पथ्य सविस्तर सांगितले जाते. रुग्ण घरी जातो तेव्हा आपण काय करावयाचे आहे याविषयी त्याच्या मनात संदेह उरत नाही. याउलट दम्याच्या रुग्णाला आम्ही श्वासावाटे घेण्याच्या औषधाचा पंप देतो. तो तोंडात कसा धरावा, श्वास कोणत्या क्षणी ओढावा व किती वेळ रोखावा, बरे वाटले तरी रोजचा पंप का थांबवू नये, या चार गोष्टी करून दाखविण्यास फार तर दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे दवाखान्यात मिळत नाहीत. मग रुग्ण बरे वाटताच पंप बंद करतो, पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा दमा उसळतो, ‘इंग्रजी औषध लागू पडत नाही’ असा तो निष्कर्ष काढतो, आणि मृगाला नामपल्लीच्या रांगेत उभा राहतो. औषध योग्य होते आणि माहिती अपुरी होती. अपुऱ्या माहितीची जागा रिकामी राहत नाही; ती कोणीतरी भरतोच.

ही जागा भरणारा प्रत्येक वेळी साधू-बैरागीच असतो असे नाही. कधी तो चकचकीत कागदी खोक्यातून येतो. या संबंधात हैदराबादेतच घडलेली एक अलीकडची हकीकत मला जरा विस्ताराने सांगावयाची आहे.

जुलाबाने माणूस मरतो तो जंतूंमुळे नव्हे, तर अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, हे वैद्यकाला पुष्कळ आधी कळले होते. शिरेतून सलाईन दिले की रोगी वाचतो हेही कळले होते. परंतु हजारो रोगी एकदम आले तर काय करावयाचे? १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे सलाईन संपत आले. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि ते पाणी पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवरच सोपविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते त्यांच्या देखरेखीखाली ३.६ पर्यंत उतरले. यामागचे शास्त्र असे की, आतड्याची भिंत ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत घेते आणि त्यामागून पाणी जाते. आज जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यास १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. मराठीत त्याला ‘जलसंजीवनी’ असे नाव मिळाले. परिभाषेच्या खटाटोपात असे सुंदर आणि सार्थ नाव क्वचितच हाती लागते. इंग्रजी आद्याक्षरांनी ते ‘ओआरएस’ म्हणून ओळखले जाते, आणि सरकारी दवाखान्यांनी, अंगणवाड्यांनी व दूरदर्शनने वर्षानुवर्षे सांगून ही तीन अक्षरे गरिबातल्या गरीब आईच्या तोंडी बसविली. निरक्षर बाईलाही ती ओळखता येतात. एका अर्थाने ती सार्वजनिक मालमत्ता होती.

या मालमत्तेवर अतिक्रमण झाले. ‘ओआरएस’ ही अक्षरे आपल्या नावात मिरविणारी, फळांच्या चवीची तयार पेये खोक्यांतून बाजारात आली आणि औषधांच्या दुकानांत खऱ्या जलसंजीवनीच्या पाकिटाशेजारी जाऊन बसली. त्यांत साखर सूत्राच्या अनेक पट होती आणि क्षार अपुरे होते. तहान भागविण्यास निरोगी माणसाने ते प्यायले तर विशेष बिघडत नाही. जुलाब होत असलेल्या तान्ह्या मुलाला ते दिले, तर जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणजे आई जे थांबविण्यासाठी धडपडत आहे, तेच ती आपल्या हाताने वाढवीत असते. यात त्या आईची चूक कोणती? तिने अंगारा-धुपारा केला नाही, कोण्या भोंदूकडे गेली नाही. तिला जे सांगितले गेले होते तेच तिने केले: दुकानात जाऊन ती तीन अक्षरे असलेली वस्तू मागितली, आणि घरातल्या साखर-मिठाच्या पाण्यापेक्षा महाग पडली तरी विकत घेतली. ज्याने आजवर कोणाचेच ऐकले नाही त्याची फसवणूक होणे वेगळे, आणि ज्याने योग्य ठिकाणचे ऐकले त्याची व्हावी हे वेगळे. दुसऱ्या प्रकारात माणसाचा पुढच्या खऱ्या सल्ल्यावरचाही विश्वास उडतो.

हैदराबादेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या प्रकाराविरुद्ध सुमारे आठ वर्षे एकाकी म्हणावी अशी झुंज दिली. अर्ज केले, पत्रे पाठविली, लोकांशी बोलत राहिल्या, आणि २०२२ साली तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा नावांना मनाई केली, आणि जुलैमध्ये एक पळवाट ठेवली: ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसारचे ओआरएस नव्हे’ अशी सूचना वेष्टनावर छापली, तर नाव वापरता येईल. या तोडग्याचा मला आजही अचंबा वाटतो. नाव मोठ्या अक्षरांत ‘आहे’ म्हणते आणि सूचना इंग्रजीत ‘नाही’ म्हणते. ज्या बाईसाठी ही सूचना, तिला वाचता येते ते नाव, सूचना नव्हे! अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती सवलत मागे घेतली आणि ठरलेल्या सूत्राचे नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात, पुढेमागे काही जोडूनसुद्धा, ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. काही उत्पादक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्या महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याचे कारण देऊन त्या मनाईत हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

हा विजय साजरा करावा असाच आहे. तरीही माझ्या मनात एक प्रश्न उरतो. या आठ वर्षांत त्या खोक्यांशेजारी उभे असलेले आम्ही सर्वजण, म्हणजे डॉक्टर, औषधविक्रेते, शाळामास्तर आणि शिकलेले पालक, काय करीत होतो? सूत्र गुप्त नव्हते. वेष्टनावर साखरेचा आकडा छापलेला होता. तार्नाक्याला आपल्या शहरातच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीचे एक लहानसे पथक म्हणून तिची सुरुवात झाली, १९५८ साली ती येथे आली, आणि आपण काय खातो त्यात काय असते, याची देशभर वापरली जाणारी कोष्टके तिने दिली. या संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी सतरा मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली, त्यांत वेष्टनावरचा मजकूर वाचण्याचा स्पष्ट उपदेश आहे. माहितीचा झरा आपल्या दाराशी वाहत होता. त्याचे पाणी घराघरात नेणारा भोई मात्र नव्हता.

असा भोई कसा तयार होतो याचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण बांगलादेशातले आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तेथील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या खेडोपाडी दारोदार फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतील मातांना त्यांनी चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे द्रावण करण्यास शिकविले. पाकीट नाही, औषध नाही, केवळ ज्ञान. किती घरे केली यावर त्यांचा पगार ठरत नव्हता. काही आठवड्यांनी दुसराच माणूस अचानक त्यांतल्या काही घरी जाई, आईला दहा मुद्द्यांपैकी किती आठवतात ते पाही, तिच्याकडून द्रावण करवून घेई आणि त्यातले मीठ तपासण्यास पाठवी. आईच्या या परीक्षेत जे गुण मिळत त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. शिकविणाऱ्याची परीक्षा शिकणाऱ्याच्या घरी घेण्याची ही रीत येथे बसलेल्या शिक्षकवर्गाला कितपत रुचेल, हे मी विचारत नाही.

परंतु याहून बोधक भाग पुढे आहे. प्रारंभी मातांना सर्व मुद्दे पाठ येत, द्रावणही बरोबर होई, आणि तरीही घरात मूल जुलाबाने आजारी पडले की फार थोड्याजणी ते देत. असे का, याचा शोध घेता आढळले की, शिकविणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी अनेकजणी स्वतःला जुलाब झाले तर हे द्रावण न घेता गोळ्या घेत होत्या! त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि समोरच्या बाईला ते न सांगता कळत होते. मग कार्यकर्त्यांना त्यामागचे शास्त्र समजावून देण्यात आले, स्वतः दाराशी बसून ते पिऊन दाखविण्यास सांगण्यात आले, आणि गावातल्या पुरुषांनाही बैठकीत घेण्यात आले. त्यानंतर वापर वाढला. माहिती बिनचूक असणे एवढ्याने ती विश्वसनीय होत नाही. सांगणारा ती स्वतःच्या मुलासाठी वापरतो की नाही, हे ऐकणारा बघत असतो.

आता हातातल्या फोनविषयी थोडे. वृद्ध मंडळी त्याला सरसकट दोष देतात, पण त्यांच्याच फोनवर लिंबू आणि हळदीचे सर्वाधिक उपचार फिरत असतात. मी स्वतः फोनला शत्रू मानीत नाही. आमच्या या शहरात २००७ साली १०४ क्रमांकाची आरोग्य सल्ल्याची दूरध्वनी सेवा सुरू झाली, तेव्हा रात्री दोन वाजता मुलाला ताप आहे म्हणून विचारणाऱ्या खेड्यातल्या आईला तेलुगूत उत्तर मिळू लागले. ती सोय थोर होती. २०२२ पासून मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे आणि त्यावर अनेक भाषांतून बोलता येते. आता तर यंत्राला मराठीत प्रश्न विचारावा आणि त्याने सुबक मराठीत उत्तर द्यावे, इथवर मजल गेली आहे. उत्तराचा सुबकपणा हा त्याच्या खरेपणाचा पुरावा नव्हे, एवढे मात्र मुलांना सांगावे लागेल. सांगणारा काही विकत आहे काय, ‘हे मला ठाऊक नाही’ असे तो कधी म्हणतो काय, आणि ‘आता थांबू नका, रुग्णालयात जा’ असे कोणत्या लक्षणांना सांगतो, हे पाहिले तर बरेच धान्य व कोंडा वेगळे होतात. यंत्राला हे तिन्ही प्रश्न लागू आहेत आणि डॉक्टरलाही.

डॉक्टरच्या बाबतीत कायदा आता रुग्णाच्या बाजूने पुष्कळ बोलतो. समीरा कोहली यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की, उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरवर बंधनकारक करण्यात आले. परंतु संमतिपत्रकावर सही घेताना काय घडते, हे आपल्यापैकी ज्यांनी घरचे कोणी शस्त्रक्रियेला नेले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. नातेवाईक सही कोठे करावयाची तेवढेच विचारतात, कारण त्या घटकेला वेगळे काही विचारण्याचे बळ त्यांच्यात नसते. विचारण्याची सवय आधीपासून असावी लागते, आणि ती लावण्याचे ठिकाण रुग्णालय नव्हे.

म्हणून या शाळेपुढे व विशेषतः तिच्या माजी विद्यार्थ्यांपुढे मी काही साध्या गोष्टी ठेवतो. आठवीच्या वर्गात मुलांकडून एकदा जलसंजीवनी करवून घ्यावी: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; चव अश्रूंहून खारट लागली तर ते ओतून द्यावे व पुन्हा करावे. शेजारी बाजारातल्या चार पेयांची खोकी ठेवून त्यांवरचा साखरेचा आकडा मुलांना मोठ्याने वाचायला लावावा. गणिताच्या शिक्षकांना त्यातून त्रैराशिकाचे उदाहरणही मिळेल. या शाळेतून शिकून डॉक्टर झालेली मंडळी सभागृहात निदान वीस-पंचवीस तरी दिसत आहेत. त्यांनी आळीपाळीने महिन्यातून एक संध्याकाळ शाळेच्या ग्रंथालयात बसावे. तपासू नये, औषध लिहू नये, स्वतःच्या दवाखान्याचा पत्ता देऊ नये. लोकांनी आपल्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद आणि औषधांची वेष्टने घेऊन यावे आणि ‘हे कशाचे आहे?’ असे मराठीत विचारावे, व यांनी मराठीत सांगावे. दम्याच्या पंपासाठी ती दहा मिनिटे तेथे काढावीत. अन्य भाषक शेजारी आले तर त्यांच्याशी दखनीत बोलावे. ती आपल्या सर्वांना येते.

या कामासाठी पहिल्या महिन्यातली संध्याकाळ मी माझ्या नावावर लावून घेत आहे, आणि मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे असते तेवढे मला सांगावे.